टायर न झिजताही म्हातारा का होतो? चार्ल्स गुडइयरच्या आयुष्यातून समजून घ्या

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलात तर होड्यांपासून किनाऱ्यापर्यंत मासळी आणणाऱ्या बैलगाड्या दिसतात. पूर्वी गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, आता रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्याच दापोली तालुक्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत, बोटी ओढणारे ट्रेलर आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकावरचं घर घेऊन कोकणात उतरायची स्वप्नंही बरेच जण बघतायत.

या सगळ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. ट्रेलर वर्षातले मोजके दिवस फिरतो, बाकी वेळ उभाच. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी. मग टायर बदलायचा कधी? गोटा झाल्यावर?

उत्तर किलोमीटरमध्ये नाही, वर्षांमध्ये आहे. ते का, हे कळायला चार्ल्स गुडइयर या माणसाचं आयुष्य बघावं लागतं. ज्या रसायनाने टायर जन्माला येतो त्याच रसायनात त्याचं म्हातारपणही लपलेलं आहे, आणि ते रसायन शोधता शोधता या माणसाचं आयुष्य संपलं.

हार्डवेअरचं दुकान ते कर्जाचा तुरुंग

चार्ल्स गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी झाला. वडील अमासा लोखंडी सामान आणि अवजारं बनवायचे. १८२४ मध्ये चार्ल्सचं क्लॅरिसा बीचरशी लग्न झालं आणि पुढे त्याने फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. धंदा आधी चांगला चालला, मग उधारीत बुडाला. १८३० च्या आसपास दिवाळं निघालं. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही की सरळ तुरुंग. चार्ल्सच्या आयुष्यात ही वारी पुढे अनेकदा झाली.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रबराच्या दुकानात त्याने पाण्यात तरंगायचा हवा भरलेला पट्टा पाहिला. त्याचा व्हॉल्व्ह त्याला कच्चा वाटला, म्हणून तो सुधारून पुन्हा त्याच दुकानात गेला. तिथे त्याला खरी अडचण समजली. दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हता, रबरातच होता. ब्राझीलच्या झाडांच्या चिकापासून बनणारं हे कच्चं रबर थंडीत काचेसारखं कडक व्हायचं आणि उन्हाळ्यात वितळून चिकट, घाण वासाचा गोळा व्हायचं. ग्राहक माल परत आणत होते आणि कंपन्या बुडत होत्या.

रसायनशास्त्राचं शिक्षण नाही, खिशात पैसे नाहीत, डोक्यावर कर्ज. तरी त्याने ठरवलं की हे रबर आपणच ठीक करायचं. पहिले प्रयोग त्याने तुरुंगातच केले. बायकोने आणून दिलेलं लाटणं आणि रबराचे गोळे, एवढीच त्याची प्रयोगशाळा होती असं सांगतात.

पाच वर्षांचे फसलेले प्रयोग

त्याची पद्धत साधी होती. मिळेल ती पूड रबरात मळायची आणि काय होतं ते बघायचं. मॅग्नेशिया घालून केलेले बूट उन्हाळा येताच वितळले. नायट्रिक ॲसिडने रबराचा वरचा थर चांगला कोरडा झाला, पण या प्रयोगांत विषारी वायूने त्याचा जीव जाता जाता वाचला. १८३७ च्या आर्थिक मंदीत भांडवल देणारा भागीदार बुडाला आणि कुटुंब पुन्हा रस्त्यावर आलं.

मग अमेरिकन टपाल खात्याकडून १५० टपाल पिशव्यांची ऑर्डर मिळाली. पिशव्या दिसायला झकास होत्या, पण उन्हाळ्याच्या उकाड्यात त्याही वितळू लागल्या. ॲसिडचा उपचार फक्त वरवरचा होता, आतलं रबर कच्चंच राहिलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, टायर बघताना पुन्हा कामाला येणार आहे.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याची नॅथॅनियल हेवर्डशी ओळख झाली. हेवर्ड रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवायचा. गुडइयरने ती कल्पना विकत घेतली. १८३९ मध्ये गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता, पण चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला मऊ, लवचिक, न चिकटणारं रबर तयार झालेलं दिसलं.

ही गोष्ट बऱ्याचदा नशिबाची म्हणून सांगितली जाते. पण पाच वर्षं तोच एक विचार करणाऱ्या माणसालाच त्या कडेचा अर्थ कळला. आणि काम तिथे संपलंही नाही. गंधक किती, उष्णता किती, वेळ किती, हे बसवायला आणखी काही वर्षं गेली. त्या वर्षांत घरातल्या वस्तू गहाण पडल्या, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. १८४० मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा वारला. अखेर १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेत ३६३३ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

गंधक नेमकं करतं काय?

रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. कच्च्या रबरात या साखळ्या सुट्ट्या धाग्यांच्या गुंत्यासारख्या असतात. गरम झालं की धागे एकमेकांवरून घसरतात आणि रबर वितळतं. उष्णता दिली की गंधक या धाग्यांमध्ये गाठी मारतं. सुट्ट्या दोऱ्याचं जाळं होतं. आता ताणलं तरी धागे निसटत नाहीत, सोडलं की जागेवर येतात. याला व्हल्कनायझेशन म्हणतात. हे नाव गुडइयरने दिलेलं नाही, ते इंग्लंडमध्ये रोमन अग्निदेव व्हल्कनवरून पडलं.

मासेमारीचं जाळं जसं खराब होतं, साधारण तसाच टायरही होतो:

- धागे तुटतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन साखळ्यांवर हल्ला करतात. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात त्या यामुळेच.
- गाठी वाढतात. उन्हात आणि उष्णतेत नव्या गाठी बसत राहतात. रबर कडक होतं, वाकण्याऐवजी तडकतं.
- आतूनही झीज होते. टायरमधली दाबलेली हवा आतून थरांमध्ये झिरपते आणि थर एकमेकांना धरून ठेवणारं रबर कमकुवत करते. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

टपाल पिशव्यांची गोष्ट आठवली? वरून झकास, आतून कच्चं. म्हणूनच फक्त नक्षी बघून टायरची तब्येत कळत नाही.

उभा टायर जास्त लवकर का खराब होतो?

टायरच्या रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ घातलेले असतात. चाक फिरतं तेव्हा टायर वाकतो आणि हे पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये हे काम मंदावतं. शिवाय तोच भाग जमिनीवर दबलेला, तीच बाजू उन्हात. हवा हळूहळू कमी होते आणि एक दिवस पूर्ण वजन लादून आपण ट्रेलर घाटात काढतो. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि आतले थर सुटले असतील तर फुटतो. गाडीच्या पुढच्या टायरची हवा कमी झाली की स्टिअरिंगवर कळतं. ट्रेलरचं बऱ्याचदा फुटल्यावरच कळतं.

बैलगाडीचं गणित वेगळं आहे. तिचा वेग माणसाच्या चालीइतका, त्यामुळे टायर फारसा तापत नाही. जुना टायर तिथे निभावून जातो. पण म्हणून तोच टायर ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या ट्रेलरला चालेल असं अजिबात नाही.

जिंकला, पण हातात काही राहिलं नाही

पुन्हा गुडइयरकडे येऊ. त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडला गेले होते. तिथे थॉमस हॅनकॉकने ते पाहिले, गंधकाचा माग काढला आणि गुडइयरच्या आधी तिथलं पेटंट मिळवलं. अमेरिकेत पेटंट मोडणाऱ्यांशी गुडइयर वर्षानुवर्षं भांडत राहिला. १८५२ मध्ये ट्रेंटन इथल्या मोठ्या खटल्यात त्याच्या बाजूने डॅनियल वेबस्टर उभा राहिला. वेबस्टर तेव्हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. खटला जिंकला, पण वकिलाची फी फार मोठी होती.

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने रबराच्या वस्तूंचं भव्य दालन उभं केलं. फ्रान्समधलं पेटंट रद्द झालं, पैसे थांबले आणि त्याला तिथेही कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला मानाचा क्रॉस त्याला त्या तुरुंगातच मिळाला.

१८६० मध्ये आजारी मुलीला भेटायला निघालेला गुडइयर न्यूयॉर्कला पोहोचला, तेव्हा ती आधीच गेल्याचं त्याला कळलं. तो तिथेच कोसळला आणि १ जुलैला वारला. मागे सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज राहिलं.

त्याच्या हयातीत मोटारच नव्हती. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतलं होतं, पण तो मागे पडला. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने तीच कल्पना पुन्हा आणली, तेव्हा कुठे ती चालली. टायरवर दिसणारी गुडइयर कंपनी १८९८ मध्ये फ्रँक सीबरलिंगने सुरू केली. तिने फक्त नाव गौरवाने घेतलं, चार्ल्सच्या कुटुंबाचा तिच्याशी संबंध नव्हता.

मग ट्रेलरचा टायर कधी बदलायचा?

१. जन्मतारीख वाचा. टायरच्या भिंतीवर, डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. आकडे दिसले नाहीत तर टायरची आतली बाजू बघा.

२. ५ वर्षं झाली की दरवर्षी टायर रिमवरून उतरवून आतूनही तपासून घ्या. जड वजनाच्या ट्रेलरला ६ वर्षांच्या आसपास टायर बदललेला बरा. १० वर्षं ही शेवटची मर्यादा, नक्षी कितीही चांगली असली तरी.

३. वय न बघता लगेच बदला: भिंतीवर बोट फिरवून जाणवणाऱ्या भेगा, फुगवटा, दिसणारे धागे, किंवा नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरलेली.

४. स्टेपनीचंही वय मोजा. न वापरलेली स्टेपनी नवी नसते. नवा म्हणून विकत घेताना दुकानात पडून असलेल्या टायरचीही तारीख बघा.

५. उभा ठेवताना हवा पूर्ण भरा, टायर झाकून ठेवा, जमलं तर ॲक्सलखाली ठोकळे देऊन वजन काढा. प्रवासाला निघताना टायर थंड असतानाच हवा मोजा.

६. समुद्राचं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी रबरापेक्षा रिम, नट आणि बेअरिंगला जास्त खातं. टायरला भेग असेल तर आतल्या तारांनाही गंज लागतो.

नवा टायर खर्चिक आहे, मान्य. पण घाटात फुटला तर ट्रेलर, त्यावरची बोट आणि मागून येणारी दुचाकी असं सगळंच पणाला लागतं.

आता मोबाईलचा टॉर्च लावा आणि घरातल्या ट्रॉलीचा, कारचा, स्कूटरचा तो चार आकडी कोड वाचा. फोटो काढून ठेवा आणि सहाव्या वर्षाचं रिमाइंडर कॅलेंडरमध्ये टाकून द्या. कुणाचा टायर सगळ्यात म्हातारा निघाला ते कमेंटमध्ये नक्की सांगा!