धामकाठचा साधक

आचार्य विनोबा भावे यांचे नाव निघाले की भूदान यज्ञ आठवतो. त्या यज्ञासाठी लागलेले बळ मात्र वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे, धाम नदीच्या काठी साठले होते.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. ब्रह्मजिज्ञासेने १९१६ मध्ये घर सोडून ते काशीस गेले आणि तेथून महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्यास पाठविले. सूतकताई, शरीरश्रम आणि अध्ययन यांत त्यांनी देह अक्षरशः झिजविला. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आले. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला बाजूला ठेवून त्यांनी पवनार निवडले. धामचा पूल ओलांडताना साऱ्या कामांची चिंता त्यांनी मनोमन सोडून दिली. चित्त रिकामे ठेवून ते रोज थोडे थोडे खोदकाम करू लागले आणि काही महिन्यांत प्रकृती सुधारली.

१९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात त्यांनी गीतेतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर प्रवचने दिली. त्या चिंतनाची कसोटी पुढे रस्त्यावर लागली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले आणि पदयात्रा सुरू झाली. पोटातील व्रणाचा त्रास असतानाही विनोबा चालत राहिले. १९५२ च्या अखेरीस चांडील येथे त्यांना तीव्र हिवताप झाला. प्रारंभी औषध नाकारणाऱ्या विनोबांनी अखेर भोवतालच्या माणसांची व्याकुळता पाहून ते घेतले. सहन करण्याचाही अहंकार होऊ शकतो; तितिक्षा आणि हट्ट यांतील सीमारेषा साधकाला स्वतःच शोधावी लागते, हे या प्रसंगातून उमगते.

१९६४ मध्ये ते पवनारला परतले. डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन पाळले. याच काळात आणीबाणी आली आणि त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली. त्या टीकेचा वाद आजही मिटलेला नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले. चांडीलला आग्रहापुढे नमलेले विनोबा या वेळी मात्र निश्चयापासून ढळले नाहीत. सत्तावीस वर्षांच्या पदयात्रींनाही दमविणारा हा साधक आता सत्त्याऐंशी वर्षांचा होता. देहाचे कार्य संपल्याचा निर्णय त्याने शांतपणे घेतला होता. १५ नोव्हेंबर रोजी धामकाठीच त्यांची प्राणज्योत मालवली.