जॉन पोस्टेल : जवळपास तीस वर्षं इंटरनेटचा हिशोब ठेवणारा दाढीवाला

सप्टेंबर १९८१. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. त्याच महिन्यात अमेरिकेत आरएफसी ७९१ नावाचा दस्तऐवज निघाला. इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरला पत्ता कसा द्यायचा, डेटाचं पाकीट कसं पाठवायचं, याचे नियम त्यात होते. आज त्यालाच आयपीव्ही४ म्हणतात. संपादक होते जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लांब दाढी, पायात सँडल. १९७४ मध्ये यूसीएलएमधून त्यांनी पीएचडी केली. पण खरं काम १९६९ पासूनच सुरू झालं होतं. इंटरनेटचे नियम सांगणारे आरएफसी तपासायचे, छापायचे आणि कोणता नंबर कुणाला दिला याची यादी ठेवायची. वरवर कारकुनी काम. पण दोघांना एकच नंबर गेला असता, तर सगळा घोळ झाला असता.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १ जानेवारी १९८३ ला, अर्पानेटनं जुना प्रोटोकॉल बंद करून नवा घेतला. त्या बदलाचा आराखडाही पोस्टेल यांचाच. तेव्हा कॉम्प्युटर होते काही शेकडा, त्यामुळे सगळ्यांना एकच तारीख देता आली.

अडचण पुढे आली. आयपीव्ही४ मध्ये पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जग त्याहून मोठं निघालं. म्हणून आयपीव्ही६ आलं. पण आता कोट्यवधी मशिन एका रात्रीत बदलणार कोण?

त्यावरचा एक उपाय म्हणजे टनेल. पावसाळ्यात गडचिरोलीत नदी ओलांडायला मोटारसायकल डोंग्यात चढवतात. पलीकडे उतरवली की ती पुन्हा रस्त्यानं धावते. टनेलमध्ये आयपीव्ही४ चं पाकीट असंच आयपीव्ही६ च्या पाकिटात बसतं. सेटिंग करताना दोन्ही टोकांना एकमेकांचा आयपीव्ही६ पत्ता द्यावा लागतो. बाहेरच्या पाकिटावर ४ हा नंबर असतो, म्हणजे आत आयपीव्ही४ आहे. हा ४ पोस्टेल सांभाळत असलेल्या यादीतलाच.

डोंग्यालाही वजन असतं. बाहेरचं हेडर ४० बाइट्स खातं. म्हणून १५०० बाइट्सच्या लाइनवर आतल्या पाकिटाला १४६०च उरतात. हे एमटीयू चुकलं, तर पिंग चालतं, पण मोठी पानं अडकतात.

जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांच्या एका ईमेलवर आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांनी आपली मशिन त्यांच्याकडे वळवली. अमेरिकन सरकार हादरलं. त्यांनी ती चाचणी असल्याचं सांगून सगळं पूर्ववत केलं. पण एका माणसाच्या शब्दावर इंटरनेट किती उभं आहे, हे जगाला दिसलं.

१६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं निधन झालं. वय ५५. दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, आयपीव्ही६ ची नवी नियमावली आणि या टनेलचे नियम सांगणारा आरएफसी २४७३ निघाले.

३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले आयपीव्ही४ चे शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तरी पोस्टेल यांनी संपादित केलेला तो प्रोटोकॉल बंद पडलेला नाही. नव्या नेटवर्कच्या पोटात बसून तो आजही धावतोय.