सर्व्हेअर जॉन टिंडल

सेकंड इयरच्या सर्व्हे कॅम्पला आमच्या बॅचने जीपीएसने चार पॉइंट घेतले. सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रोपोस्फेरिक डिले’ नावाचा एक पर्याय होता. आम्ही टिक केलं, एरर गेली, जर्नल सबमिट, विषय खल्लास! व्हायवाला सरांनी नेमकं तेच विचारलं, की हा डिले नक्की करतं कोण? आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत बसलो.

मित्रांनो, उत्तर हवेत होतं. हवेमुळे सिग्नल थोडा रेंगाळतो आणि सगळ्यात जास्त सतावते ती हवेतली पाण्याची वाफ. हे वाचता वाचता लायब्ररीत जॉन टिंडलची गाठ पडली. केमिस्ट्रीत कोलॉइड्सच्या चॅप्टरमधला ‘टिंडल इफेक्ट’वाला तोच हा. पण गडी मुळात आपल्यातलाच, सर्व्हेअर निघाला! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका पोटात घाला.)

टिंडलचा जन्म १८२० साली आयर्लंडमधल्या लेलिनब्रिज या छोट्या गावातला. घरची परिस्थिती बेताची. १८३९ मध्ये तो सरकारी सर्व्हेत, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेत लागला. चेन, थिओडोलाइट, नकाशे, दिवसभर उन्हापावसात पायपीट. पुढे इंग्लंडला बदली झाली. तिथे पगार तुटपुंजा आणि आयरिश लोकांना वागणूक वाईट. टिंडलने सहकाऱ्यांना घेऊन तक्रार केली आणि १८४३ मध्ये नोकरीच गेली. वय २३. आपल्याकडे या वयात कॅम्पसमध्ये सिलेक्शन नाही झालं तर पोरं दोन दिवस जेवत नाहीत.

मग रेल्वेच्या लाइनी आखायचं काम मिळालं. त्या काळात इंग्लंडमध्ये रेल्वेचं वेड होतं, सर्व्हेअरला रात्रंदिवस मागणी. ते वेड ओसरल्यावर १८४७ मध्ये तो क्वीनवुड नावाच्या शाळेत गणित आणि सर्व्हेइंग शिकवू लागला. आता सेटल व्हावं ना माणसाने? नाही! १८४८ मध्ये, २८ व्या वर्षी, साठवलेले पैसे घेऊन तो जर्मनीत मारबुर्गला शिकायला गेला. तिथे प्रयोगशाळेतल्या बर्नरवाला बन्सेन शिकवायला होता. दोन वर्षांत डॉक्टरेट. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रोफेसर आणि शेजारी साक्षात फॅरडे.

खरी गोष्ट सुरू होते १८५९ मध्ये. जमिनीतून वर जाणारी उष्णता हवेतला कुठला वायू अडवतो, हे टिंडलला मोजायचं होतं. त्याने आतून चकचकीत पितळी नळी घेतली. एका टोकाला उकळत्या पाण्याचा डबा, दुसऱ्या टोकाला थर्मोपाईल आणि गॅल्व्हानोमीटर. नळीची तोंडं बंद करायला काच चालेना, कारण काच हे किरण स्वतःच खाते. म्हणून सैंधव मिठाच्या पारदर्शक चकत्या लावल्या. अडवली जाणारी उष्णता इतकी थोडी की काटा हललेला कळेना. मग त्याने थर्मोपाईलच्या दुसऱ्या बाजूलाही गरम डबा ठेवून काटा शून्यावर आणला. आता जरा फरक पडला की काटा सरकणारच. आपल्या लॅबमधली नल मेथड आठवली का?

ऑक्सिजन आणि नायट्रोजन जवळजवळ काहीच अडवेनात. कार्बन डायऑक्साइड अडवायचा. आणि पाण्याची वाफ? हवेत इतकी थोडी असूनही तिनेच बाजी मारली. लंडनच्या हाइड पार्कपासून आइल ऑफ वाइटच्या किनाऱ्यापर्यंत ठिकठिकाणची हवा आणून त्याने तपासली, सगळीकडे तेच. वाफ नसेल तर रात्री जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाईल आणि पिकं गारठून मरतील, हे त्याने ओळखलं. इथे एक सांगायलाच हवं. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्येच दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतात हे दाखवलं होतं. त्यांचं नाव आमच्या एकाही पुस्तकात नाही, याचा मला राग येतो.

बर्लिनच्या माग्नुसला मात्र हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा उष्णता वाफ नाही, ओल्या झालेल्या चकत्याच अडवतात. (पावसाळ्यात मेसमधल्या मिठाचं काय होतं ते बघा, मुद्दा बिनतोड होता.) टिंडलने सरळ चकत्याच काढून टाकल्या आणि उघड्या नळीतून कोरडी, मग दमट हवा सोडून पाहिली. निकाल तोच! तरी वाद माग्नुसच्या मृत्यूपर्यंत, १८७० पर्यंत चालला. त्यानंतरही टिंडल गप्प बसला नाही. १८८१ मध्ये त्याने वाफेवर थांबून थांबून उष्णतेचा झोत टाकला, तेव्हा वाफेतून चक्क आवाज ऐकू आला. न शोषता आवाज येईल कसा?

आता जीपीएसकडे येते. तिथला मामला थोडा वेगळा, तिथे वाफ सिग्नल खात नाही, त्याला उशीर करते. डोक्यावरच्या उपग्रहाच्या अंतरात समुद्रसपाटीला कोरडी हवा सुमारे २.३ मीटरची भर घालते, पण हवेचा दाब माहीत असला की ती काढून टाकता येते. वाफेची भर काही सेंटिमीटरपासून ४० सेंटिमीटरपर्यंत, आणि ती तासातासाला बदलते. १९९२ मध्ये मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब उलटा मांडला. रिसीव्हर एका जागी पक्का बसवला, तर त्याची जागा माहीतच असते. मग उरलेल्या उशिरातून वाफच मोजा! त्या जादा अंतराला साधारण साडेसहाने भागलं, की डोक्यावरची सगळी वाफ पाणी होऊन पडली तर किती उंचीचं पाणी साचेल ते कळतं. २६ सेंटिमीटरची भर म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर पाणी. हवामानाचे फुगे साधारण दिवसातून दोनदा सोडतात, हा रिसीव्हर मात्र ढगात, पावसात, रात्री कधीही चालतो. म्हणजे आम्ही टिक करून जी फेकून दिली, ती वाफेची नोंद होती.

टिंडल गिर्यारोहकही जबरदस्त. १८६१ मध्ये आल्प्समधलं वाइसहॉर्न सर्वात आधी त्याने सर केलं. अमेरिकेतल्या व्याख्यानांतून मिळालेला नफा त्याने तिथल्याच विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना दिला. लग्न केलं ५५ व्या वर्षी, लुइसाशी. म्हातारपणी त्याला झोप येत नसे, म्हणून क्लोरल घ्यायचा. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइसाने चुकून मॅग्नेशियाऐवजी क्लोरलचा मोठा डोस दिला आणि त्याच दिवशी तो गेला. त्यानंतर ती ४७ वर्षं जगली. त्याची पत्रं आणि डायऱ्या गोळा करत राहिली, चरित्र लिहायचं म्हणून. ते तिच्या हातून पुरं झालं नाही.