रावबहादूर बोले : चवदार तळ्याआधीचा ठराव

दादरच्या पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर मंगळवारी हजारो पावले उमटतात. तो रस्ता ज्यांच्या नावाचा आहे, ते रावबहादूर सीताराम केशव बोले कोण, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असावे.

बोले यांचा जन्म १८६८ चा. भंडारी समाजातून पुढे आलेल्या या कार्यकर्त्याची दृष्टी आपल्या ज्ञातीपुरती राहिली नाही. रत्नागिरी, पाली, लांजा, राजापूर या टापूतून पोटासाठी मुंबईत आलेला चाकरमानी गिरण्यांत दिवसाचे बारा-चौदा तास राबत होता. त्याच्यासाठी १९०९ मध्ये 'कामगार हितवर्धक सभा' स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बोले होते. त्याआधी दोन वर्षे, १९०७ मध्ये, भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या सत्कार सभेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषवले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले, ते याच सभेत.

पुढे बोले मुंबईच्या कायदेमंडळात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव तेथे संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना तसे आदेशही धाडले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरच्या पाण्याने कोणाची तहान भागते? तळ्याकडे जाण्याची कोणाची छाती झाली नाही.

बोले यांची पारख त्यांच्या पुढच्या पावलावरून करावी. एक ठराव मंजूर झाला म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. ऑगस्ट १९२६ मध्ये ते दुसरा ठराव घेऊन उभे राहिले. पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे सरकारी अनुदान रोखावे, ही त्यांची मागणी होती. सद्बुद्धीची वाट पाहण्यापेक्षा तिजोरीला हात घालणे अधिक परिणामकारक ठरेल, हे त्यांनी ओळखले होते. याच सुमारास जोशी वतनाचा प्रश्नही त्यांनी कायदेमंडळात लावून धरला. आपल्या घरचा विधी गावजोशाकडून न करविणाऱ्यालाही त्याची दक्षिणा चुकत नसे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, महाड नगरपालिकेने आपला निर्णय फिरवला. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

बोले यांनी तो निकाल पाहिला, संविधानाने अस्पृश्यता रद्द केलेलीही पाहिली. १९६१ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.