डेनिस रिची : ज्याच्या युनिक्समध्ये एक दिवस फोल्डरच बदलेना

जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलमधला. वडील बेल लॅब्जमध्ये. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकून १९६७ मध्ये डेनिसही तिथंच लागला.

पुढं केन थॉम्पसनच्या जोडीनं त्यानं पीडीपी-७ मशीनवर युनिक्स उभं केलं. त्यात प्रत्येक कमांडसाठी वेगळी प्रोसेस सुरू व्हायला लागली आणि भानगड झाली. फोल्डर बदलायची कमांड दिली, तरी शेल जागचं हलेना.

झालं असं की, फोल्डर बदलायचं ते त्या नव्या प्रोसेसचं, आणि काम संपलं की ती प्रोसेसच संपायची. शेल आपलं जुन्याच फोल्डरमध्ये. शेवटी ती कमांड शेलच्या आतच बसवावी लागली.

आजही पायथनमधून ‘सीडी’ वेगळी चालवली की हाच घोळ होतो. म्हणून कोणत्या फोल्डरमध्ये काम करायचं, हे प्रत्येक कमांडसोबतच सांगायचं असतं.

रिचीनं जगाला सी भाषा दिली, १९८३ चं ट्युरिंग अवॉर्ड थॉम्पसनसोबत मिळवलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तो गेला, तेव्हा जग स्टीव्ह जॉब्सच्या शोकात होतं. जॉब्सच्या आयफोनचा पायाही युनिक्सचाच, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.