ट्रॅक्टरवाल्याचा क्लच

मोटारींचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल बोलतात, रंगाबद्दल बोलतात, वेगाबद्दल तर हमखास बोलतात. क्लचप्लेटबद्दल सहसा कुणी बोलत नाही. दोन लोखंडी तबकड्यांच्या मध्ये दाबून बसवलेली ही चकती जन्मभर झिजत असते आणि जळल्याचा वास नाकात शिरेपर्यंत मालकाला तिची आठवणही होत नाही. अशा या दुर्लक्षित चकतीपायी इटलीतील एक सधन ट्रॅक्टर कारखानदार इरेला पेटला आणि त्यातून एका जगद्विख्यात मोटारीचा कारखाना उभा राहिला, अशी एक हकिकत सांगितली जाते. ते गृहस्थ म्हणजे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी. आज हे नाव म्हणजे श्रीमंतीची परिसीमा. पण ते ज्याचे होते तो माणूस मात्र शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला आणि ग्रीसने हात काळे करून मोठा झालेला होता.

त्यांचा जन्म 28 एप्रिल 1916 चा. उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या या सपाट, सुपीक मुलखात चेंतो गावाजवळ रेनाझ्झो नावाचे खेडे आहे, तेथला. आईवडील द्राक्षाचे मळे करणारे. थोरल्या मुलाने शेती सांभाळावी ही घरची अपेक्षा. पण फेरुच्चोचे लक्ष वेलींपेक्षा शेतावरच्या यंत्रांकडे अधिक. अखेर वडिलांनीही हट्ट सोडला आणि मुलगा बोलोन्याच्या परिसरात तांत्रिक शिक्षण घेऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांचे खरे शिक्षण पुरे केले. 1940 मध्ये त्यांची इटालियन हवाई दलात भरती झाली आणि रवानगी झाली ऱ्होड्स बेटावर, लष्करी वाहनांच्या दुरुस्तीसाठी. भूमध्य सागरातल्या त्या बेटावर सुटे भाग वेळेवर येण्याची शाश्वती नव्हती. जे हाताशी आहे त्यातून जे हवे आहे ते उभे करायचे, एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बेताने बसवायचा, ही विद्या तेथे पोटापाण्याइतकीच गरजेची होती. 1945 मध्ये बेट ब्रिटिशांच्या हाती गेले आणि लॅम्बोर्गिनी युद्धकैदी झाले. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले आणि पिएवे दि चेंतो येथे त्यांनी छोटे गॅरेज टाकले.

1947 साल त्यांची परीक्षा पाहणारे ठरले. मुलगा तोनिनोच्या जन्माच्या वेळी त्यांची पत्नी दगावली. तान्हे मूल पदरात आणि धंद्याची नुकती सुरुवात, अशा अवस्थेत या माणसाने स्वतःला कामात गाडून घेतले. फियाटच्या टोपोलिनो या चिमुकल्या मोटारीचे इंजिन वाढवून, तिला उघड्या दोन आसनी गाडीचे रूप देऊन ते 1948 च्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीतही उतरले. सुमारे अकराशे किलोमीटर धावल्यावर तूरिनजवळच्या फियानो गावी गाडी थेट एका उपाहारगृहाच्या भिंतीत घुसली आणि शर्यत तेथेच संपली. शर्यतींच्या नादी पुन्हा लागायचे नाही, हा धडा त्यांनी कायमचा गिरवला.

भाकरी मिळाली ती ट्रॅक्टरने. युद्धाने शेते ओस पडली होती, बैल उरले नव्हते आणि नवे ट्रॅक्टर घेण्याची शेतकऱ्याची ऐपत नव्हती. दुसरीकडे लष्कराने टाकून दिलेल्या वाहनांचे ढीग साठले होते. लॅम्बोर्गिनींनी त्यातून मॉरिसची पेट्रोल इंजिने उचलली आणि ‘कारिओका’ नावाचा ट्रॅक्टर जुळवला. महागड्या पेट्रोलवर फक्त इंजिन सुरू करायचे आणि मग स्वस्त तेलावर चालवायचे, अशी युक्ती त्यांनी त्यात बसवली. शेतकऱ्याच्या खिशाचे दुखणे ठाऊक असलेल्या माणसालाच ते सुचावे. पाहता पाहता गॅरेजचा कारखाना झाला, आणि पन्नाशीचे दशक संपता संपता तापकयंत्रांच्या बर्नरचा दुसरा कारखानाही उभा राहिला.

पैसा आला तशा मोटारीही आल्या. अल्फा रोमिओ, लान्चिया, मर्सिडीझ, जग्वार, मासेराती अशा गाड्या त्यांच्या दारी लागल्या आणि 1958 मध्ये फेरारी 250 जीटीही आली. तीन लिटरचे, बारा सिलिंडरचे ते इंजिन म्हणजे त्या काळचा चमत्कार. लॅम्बोर्गिनींनाही ते मनापासून आवडे. फक्त क्लच टिकत नसे. तो पुन:पुन्हा बांधून घेण्यासाठी मारानेल्लोच्या फेरारी कारखान्यात खेटे घालावे लागत. तेथले कारागीर गाडी आत घेऊन जात, मालक बाहेर ताटकळत बसे आणि आत काय केले हे कुणी धड दाखवत नसे. ज्याचे आयुष्य यंत्र खोलण्यात गेले, त्याला हे सहन होणे कठीण होते.

येथे क्लचचे गणित थोडे समजून घ्यायला हवे. इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, गिअरबॉक्सपर्यंत पोचतो तो निव्वळ घर्षणाच्या जोरावर. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी रेटलेली प्रेशर प्लेट आणि मध्ये अस्तर लावलेली चकती. ही जोडी किती पीळ पेलेल हे चार गोष्टींवर ठरते: चकतीचा व्यास, स्प्रिंगांचा दाब, अस्तराची पकड आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. इंजिनाची ताकद या मर्यादेपलीकडे गेली की चकती घसरू लागते. इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने धावत नाही. घसरणीतून उष्णता, उष्णतेतून अस्तराची राख, असा तो क्रम असतो. मग कितीही वेळा तोच क्लच नवा बसवा, तो पुन्हा जळणारच. कारण दोष चकतीच्या वयात नसून मापात असतो.

लॅम्बोर्गिनींनी अखेर गाडी आपल्याच कारखान्यात खोलली. त्यांच्या सांगण्यानुसार, फेरारीतला क्लच त्यांना ओळखीचा वाटला. तो बाजारात सर्रास मिळणाऱ्या आणि त्यांच्या ट्रॅक्टरला लागणाऱ्या क्लचच्याच जातकुळीतला निघाला. फरक होता तो किमतीत. त्यांनी ट्रॅक्टरच्या सामानातून त्याहून मोठ्या मापाचा क्लच निवडून बसवला आणि दुखणे गेले. यात चमत्कार काहीच नव्हता. नांगर जमिनीत रुतलेला असताना ट्रॅक्टरच्या क्लचवर जो ताण येतो तो या माणसाने रोज पाहिला होता. भार किती आणि तो पेलायला चकती केवढी हवी, हे त्याच्या बोटांना कळत होते. मग गाडीवरचा बिल्ला घोड्याचा आहे की नांगराचा, याने काय फरक पडणार! पुढे त्यांनी त्या गाडीचे इंजिनही सुधारले, आणि मोडेनाबाहेरच्या रस्त्यावर फेरारीच्या चाचणी-चालकांना आपण मागे टाकत असू, असे ते अभिमानाने सांगत.

यानंतर ते तक्रार घेऊन एन्झो फेरारींकडे गेले आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याने फेरारी कशी चालवावी हे शिकवू नये, अशा अर्थाचे उत्तर ऐकून परतले, असे म्हणतात. ही कथा मुख्यतः लॅम्बोर्गिनींच्याच तोंडून जगाला कळली आणि सांगणाऱ्यागणिक तिचे रूप थोडे बदलत गेले. शिवाय ते पक्के व्यापारी होते. महागड्या मोटारीत नफा किती सुटतो याचा हिशेब त्यांनी मांडला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तेव्हा अपमान आणि हिशेब ही दोन्ही चाके त्या गाडीला होती, असे म्हणणे अधिक योग्य.

1963 मध्ये सांतागाता बोलोन्येसे येथे त्यांनी मोटार कारखाना काढला. फेरारीतून बाहेर पडलेल्या जोत्तो बिझ्झारिनींकडून साडेतीन लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिन आखून घेतले. जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे दोघे विशीतले अभियंते हाताशी धरले. त्याच वर्षी तूरिनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडायची वेळ आली तेव्हा इंजिन तिच्यात मावेना. म्हणून इंजिनाच्या जागी वजनाला फरशा भरून, बॉनेट बंद ठेवूनच ती मांडली गेली. 1964 मध्ये 350 जीटी ग्राहकांच्या हाती पडली आणि 1966 मध्ये आली मिउरा. आसनांच्या मागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरचे इंजिन पाहून जग थक्क झाले. मालकाला हवी होती ती शांत, दूरच्या प्रवासाला आरामाची गाडी. मिउरा हा त्या तरुण अभियंत्यांचा फावल्या वेळचा ध्यास होता. मालकाने तो अडवला नाही, हा त्याचा मोठेपणा.

जुन्या, ताकद वाढवलेल्या गाड्या बाळगणाऱ्या शौकिनांपुढे आजही तोच प्रश्न येतो. क्लच जळाला, आता कोणता बसवावा? नुसते कडक स्प्रिंग घातले तर पेडल दाबताना पोटरी भरून येते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर भार पडतो. शर्यतीतले धातुमिश्रित अस्तर घातले तर पकड येते, पण चौकाचौकात गाडी हिसके देते. मोठी चकती उत्तम. पण तेवढे फ्लायव्हील हवे, घरात तेवढी जागा हवी, गिअरबॉक्सच्या दांड्याचे दाते जुळायला हवेत, आणि जड चकतीने गिअर बदलताना वेळ लागतो तो वेगळाच. तेव्हा आधी इंजिनाचा खरा टॉर्क मोजावा, गाडी कुठे चालवायची ते ठरवावे आणि त्याहून थोडी अधिक पेलेल एवढाच क्लच घ्यावा. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग सपाट करून घ्यावा, रिलीज बेअरिंग त्याच खेपेला बदलावे आणि तेलाची गळती आधी थांबवावी. नाहीतर सर्वांत महागडी चकतीही तेलात भिजून घसरते.

मोजमापाचा हा पक्का माणूस पुढे मात्र धंद्याच्या ओझ्याखाली सापडला. बोलिव्हियाने ट्रॅक्टरांची मोठी मागणी ऐनवेळी रद्द केली, तयार माल अंगावर पडला आणि कामगार संघटनांच्या जोरामुळे मनुष्यबळ कमी करणेही जमेना. 1972 मध्ये त्यांनी मोटार कारखान्याचा 51 टक्के हिस्सा विकला, 1973 मध्ये ट्रॅक्टरचा धंदा ‘सामे’ या कंपनीकडे गेला आणि 1974 मध्ये मोटारींतला उरलेला हिस्साही त्यांनी सोडून दिला. त्यानंतर काही वर्षांतच मोटार कंपनीचे दिवाळे वाजले. वेळीच बाहेर पडल्यामुळे लॅम्बोर्गिनी स्वतः मात्र वाचले.

उरलेले आयुष्य त्यांनी उंब्रियात, त्रासिमेनो सरोवराकाठच्या पानिकाले येथे घालवले. तेथे त्यांनी द्राक्षे लावली, वाइन काढली आणि त्यातल्या लाल वाइनला नाव दिले ‘मिउराचे रक्त’. ज्या वेलींकडे पाठ फिरवून ते बालपणी यंत्रांकडे धावले होते, त्याच वेलींपाशी ते पुन्हा येऊन बसले. 20 फेब्रुवारी 1993 रोजी, वयाच्या 76 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी ज्यांच्याशी स्पर्धा मांडली ते एन्झो फेरारी त्याआधीच, 1988 मध्ये गेले होते. दोघांच्याही नावाच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या जुन्या गाड्या राखणारे कारागीर आजही गाडी खाली घेतात, चकती हातात धरतात आणि पहिल्यांदा तिचा व्यास मोजतात.