बटाट्याचा कैवारी पार्मांतिए

फ्रेंच भोजनगृहाच्या पत्रकावर एखाद्या पदार्थाच्या नांवापुढें 'पार्मांतिए' हा शब्द दिसला कीं त्यांत बटाटा आहे असें खुशाल समजावें. खिम्यावर कुसकरलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ तो 'आशी पार्मांतिए'. बालवाचकांना हें एखाद्या मसाल्याचें नांव वाटेल. पण तें एका माणसाचें आडनांव आहे.

आंत्वान ओग्युस्तँ पार्मांतिए याचा जन्म फ्रान्सांतील मोंदिदिए गांवीं इ. स. १७३७ मध्यें झाला. वडील लहानपणींच वारले. आईनें घरींच त्याला शिकविलें, आणि पुढें औषधें बनविणाराच्या दुकानांत तो उमेदवारीस राहिला. तेव्हां युरोपांत सात वर्षांचें युद्ध पेटलें होतें. त्यांत तो फ्रेंच सैन्याचा औषधी म्हणून गेला व प्रशियन लोकांच्या हातीं एकदां नव्हे, अनेकदां सांपडला. कैदेंत जेवण म्हणजे बहुधा बटाटेच. फ्रान्सांत त्या काळीं बहुतेक ठिकाणीं बटाटा डुकरांना घालीत. त्यानें महारोग होतो असाहि कित्येकांचा समज होता. पार्मांतिएनें तो नाइलाजानें पुष्कळ खाल्ला, आणि प्रकृति उत्तम राहिली! हा अनुभव तो विसरला नाहीं.

सुटून परतल्यावर तो पॅरिस येथील अँव्हालीद या जुन्या सैनिकांच्या आश्रमांत औषधी झाला. पुढें धान्य पिकेनासें झालें असतां लोकांनीं काय खावें, या विषयावर बझाँसाँच्या विद्वत्सभेनें निबंध मागविले. बक्षीस पार्मांतिएनें मिळविलें. पॅरिसच्या वैद्यमंडळानेंहि १७७२ मध्यें बटाटा निरुपद्रवी ठरविला. पण उपाशी माणूससुद्धां भीति सहजासहजीं सोडीत नाहीं. लोकांच्या पानांत बटाटा पडेना.

तेव्हां राजा सोळाव्या लुईनें त्याला पॅरिसजवळचें साब्लाँचें रेताड माळरान दिलें. तेथें त्यानें बटाटे लावले, आणि शेताभोंवतीं दिवसा शिपायांचा पहारा ठेविला. रात्रीं पहारा उठे, आणि ज्याला राजा इतका जपतो तें पीक चोरण्यास लोक येत, अशी गोष्ट सांगतात. ती पुढें थोडी रंगविली गेली असावी असें आम्हांस वाटतें. राजानें बटाट्याचीं फुलें कोटाला लावलीं, असेंहि सांगतात.

आतां शब्दांची मौज पहा. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांचा 'बटाटा' हा शब्द रताळ्याचा होता. स्पॅनिश लोकांनीं तो उचलला व पुढें तो दुसऱ्याच कंदाला चिकटला. त्यापासून इंग्रजी 'पोटॅटो' झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर तोच आमच्या स्वयंपाकघरांत शिरला. म्हणजे आमची बटाट्याची भाजी अजून रताळ्याचें नांव मिरवीत आहे! फ्रेंच लोक मात्र 'पोम् द तेर', म्हणजे जमिनींतलें सफरचंद, म्हणतात. फ्रांस्वा द नफशातो या गृहस्थानें बटाट्याला 'पार्मांतिएर' म्हणावें असें सुचविलें होतें. पण बाजारांत कोणीं तें ऐकलें नाहीं. नांव उरलें तें स्वयंपाक्यांच्या तोंडीं.

पार्मांतिए १८१३ मध्यें वारला. पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमींत त्याची कबर आहे, आणि तेथें येणारे लोक आजहि तिच्यावर फुलांबरोबर बटाटे ठेवून जातात.